प्रवेशाचा संभव : एका अंदाजाचा इतिहास

अमेरिकेंतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या महाविद्यालयांत आपल्या मुलाला अगर मुलीला प्रवेश मिळण्याचा संभव किती, हा प्रश्न अलीकडे पुण्यामुंबईकडील सुशिक्षित कुटुंबांत वारंवार ऐकूं येऊं लागला आहे. आम्हां अध्यापकांकडे सल्ल्यासाठीं येणारे आईबाप तो अंकांत विचारतात. शाळेंतील गुण इतके, परीक्षेंतील गुण इतके, तबला पांच वर्षें शिकला आहे, तर शेंकडा किती धरावे? उत्तर देण्यापूर्वीं या प्रश्नाचा इतिहास पाहणें इष्ट आहे. ज्या अर्थानें तो आज विचारला जातो त्या अर्थानें सव्वाशें वर्षांपूर्वीं तो कोणास सुचलाही नसता. आणि तो इतका अवघड कां होऊन बसला याला निश्चित कारणें, निश्चित माणसें व निश्चित सालें आहेत.

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची, येलची १७०१ सालची. एकोणिसावें शतक सरेपर्यंत या संस्थांच्या दारांत उभ्या राहणाऱ्या मुलाला मुख्यतः एकच गोष्ट विचारीत : लॅटिन, ग्रीक व गणित नेमलें आहे तितकें येतें कीं नाहीं? प्रत्येक महाविद्यालय आपली परीक्षा आपण घेई, त्यामुळें शाळामास्तरांची मोठी तारांबळ उडे. ती टाळण्यासाठीं १९०० सालीं महाविद्यालय-प्रवेश-परीक्षा मंडळ स्थापन झालें, व जून १९०१ मध्यें त्याच्या पहिल्या परीक्षेस ९७३ उमेदवार बसले. परीक्षा उतरला तो आंत गेला. एखाददुसऱ्या विषयांत राहिला त्यालाही अट घालून पुष्कळदां घेत. जागांचा तोटा नव्हता. १८५९ सालीं मुंबई विद्यापीठाची जी पहिली मॅट्रिक्युलेशन झाली व जींत रानडे-भांडारकर उत्तीर्ण झाले, तिच्यासारखाच हा प्रकार होता. अशा व्यवस्थेंत संभवाचा अंदाज म्हणजे मुलाच्या तयारीचा अंदाज, आणि तो त्याच्या शिक्षकाला सहज करतां येई.

ही व्यवस्था न्याय्य होती असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ग्रीक-लॅटिन चांगलें शिकविणाऱ्या शाळा थोड्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा भारी फी घेणाऱ्या. गरिबाच्या मुलाचा निकाल बाराव्या-तेराव्या वर्षींच, शाळा निवडली जाई तेव्हां, लागून जाई. परंतु दार कोणत्या किल्लीनें उघडतें हें सर्वांस ठाऊक होतें, आणि ज्याला किल्ली घडवितां आली त्याला कोणी अडवीत नसे.

ती किल्ली घडविणारे लोक निघाले तेव्हां गोष्ट बदलली. पूर्व युरोपांतून अमेरिकेंत आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलें सरकारी शाळांतून शिकून या परीक्षा उत्तम रीतीनें उतरूं लागलीं. हार्वर्डच्या पहिल्या वर्गांत त्यांचें प्रमाण १९०० च्या सुमारास शेंकडा सात होतें, तें १९२२ सालीं एकविसांच्या वर गेलें. त्या वेळचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल हे मोठे विद्वान गृहस्थ, शासनशास्त्रावरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. पण ही वाढ त्यांस सहन झाली नाहीं. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या शेंकडा पंधरावर रोखावी असा त्यांचा विचार होता, आणि १९२२ सालीं ही गोष्ट बाहेर फुटतांच देशभर गवगवा झाला. त्याच वर्षीं प्रवेशाच्या अर्जांत नवे प्रश्न आले : उमेदवाराचा वंश व वर्ण कोणता, आईचें माहेरचें नांव काय, जन्मानंतर आपल्या अगर वडिलांच्या नांवांत कांहीं बदल केला आहे काय. हे प्रश्न कशासाठीं होते हें वाचकांस सांगावयास नकोच.

प्राध्यापकांच्या समितीनें १९२३ सालीं उघड मर्यादा घालण्याची कल्पना फेटाळली, ही त्या संस्थेच्या इतिहासांतील मानाची गोष्ट होय. तिनें उलट असा नियम सुचविला कीं शाळेच्या वर्गांत वरच्या सातव्या हिश्श्यांत येणाऱ्या मुलाला परीक्षेवांचून घ्यावें. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील लहान गांवांतलीं मुलें यावींत हा हेतु. या नियमाच्या काळांत आपल्याकडच्या एका मुलाचा प्रवेश झाला, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. गोव्याचे पालिपंडित धर्मानंद कोसंबी हे हार्वर्डमध्यें काम करीत असतां त्यांचा मुलगा दामोदर याचें शिक्षण तेथल्याच केंब्रिज गांवच्या शाळेंत झालें. शाळेच्या अखेरच्या परीक्षेंतील कर्तबगारीमुळें हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्याला माफ झाली व १९२४ सालीं त्याचें नांव दाखल झालें. मध्यंतरीं हिंदुस्थानांत राहून तो १९२६ च्या आरंभीं परत गेला आणि १९२९ सालीं सर्वोच्च सन्मानासह पदवीधर झाला. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच. त्यांचा संभव त्यांच्या शाळेच्या गुणपत्रकावरून कोणालाही सांगतां आला असता.

परंतु या नियमाचा परिणाम लॉवेल यांस हवा त्याच्या उलट झाला. वर्गांत वरचे येणारे ज्यूच पुष्कळ निघाले, आणि दोन वर्षांत त्यांचें प्रमाण शेंकडा सत्तावीसच्या आसपास गेलें. तेव्हां १९२६ सालीं तिसरा उपाय झाला, व तो टिकला. पहिल्या वर्गाची संख्या एक हजारावर बांधली. म्हणजे पात्र ठरलेल्यांतून निवड करणें भाग पडलें. ही निवड 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' पाहून करावी असें ठरलें. अर्जासोबत छायाचित्र मागविण्यांत येऊं लागलें. शाळेच्या मुख्याध्यापकाचा अभिप्राय, मुलाखत, खेळांतील प्रावीण्य, घराणें या सर्वांचा विचार समिति बंद दाराआड करूं लागली, आणि कोणत्या गोष्टीला किती वजन दिलें हें कोणास सांगण्याचें तिच्यावर बंधन उरलें नाहीं. थोड्याच वर्षांत तें प्रमाण पंधरांच्या घरांत उतरलें. कोणताही नियम लिहून न ठेवतां मर्यादा साधली.

आमच्या मतें संभवाचा प्रश्न खऱ्या अर्थानें येथें जन्मला. निवडीची कसोटी मुद्दाम धूसर ठेवली गेली, कारण स्पष्ट कसोटी हुशार परकीयाला पार करतां येते. आज ज्या 'समग्र' परीक्षणाचें कौतुक होतें, त्याचें मूळ या व्यवहारांत आहे. एवढ्यावरून तें सर्वस्वीं वाईट ठरतें असें नाहीं. पुढें त्याच लवचिकपणाचा उपयोग वंचितांना आंत घेण्यासाठींही झाला. परंतु मूळ विसरूं नये.

योगायोग असा कीं त्याच वर्षीं, २३ जून १९२६ रोजीं, सॅट या नांवानें आज प्रसिद्ध असलेली परीक्षा प्रथम घेण्यांत आली व तीस ८,०४० उमेदवार बसले. तिचे जनक कार्ल ब्रिगम यांनीं १९२३ सालीं वंशावंशांच्या बुद्धीची तुलना करणारा ग्रंथ लिहिला होता आणि १९३० सालीं त्यांतील निष्कर्ष स्वतःच मागें घेतले. असा प्रामाणिकपणा विरळा. १९३३ सालीं हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या जेम्स कोनंट यांनीं तिचा उपयोग लहान गांवांतील हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देण्यासाठीं केला. एकीकडे अंकांनीं मोजणारी परीक्षा, दुसरीकडे न मोजतां येणारें व्यक्तिमत्त्व, असे दोन काटे तेव्हांपासून एकाच तराजूला लागले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर उमेदवार वाढले, आणि त्या काळची एक पद्धत आमच्या विषयाला फार जवळची आहे. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांचे अधिकारी ठरावीक नामांकित खासगी शाळांत जात व तेथील प्रत्येक उमेदवाराला ए, बी किंवा सी असें अक्षर देत. ए म्हणजे बहुधा मिळेल, बी म्हणजे कदाचित्, सी म्हणजे आशा धरूं नये. निकालाच्या कितीतरी आधीं हीं अक्षरें मुख्याध्यापकांच्या हातीं पडत व तो मुलांना योग्य ठिकाणीं अर्ज करावयास लावी. ब्रुकलिनच्या सरकारी शाळेंतला मुलगा मात्र अंधारांत राही. म्हणजे संभवाचा विश्वसनीय अंदाज हाच मुळीं एका वर्गाचा हक्क होता! पुढें ही पद्धत बंद पडली. पण पैसे घेऊन अंदाज सांगणाऱ्या सल्लागारांचा आजचा धंदा पाहिला म्हणजे ती निराळ्या वेषांत आली काय अशी शंका येते.

आतां आजचे आंकडे. २०२२ सालच्या वसंतांत हार्वर्डकडे ६१,२२० अर्ज आले होते व १,९५४ जणांस प्रवेश देऊं केला गेला; प्रमाण शेंकडा ३.१९. हा आंकडा वर्तमानपत्रांत वाचून आईबाप तोच आपल्या मुलाचा संभव समजतात. तो तसा नव्हे. तो एका मोठ्या, नाना प्रकारच्या गर्दीची सरासरी आहे. हार्वर्डविरुद्ध २०१४ सालीं दाखल झालेल्या व २०१८ सालीं बोस्टनमध्यें चाललेल्या खटल्यांत सहा वर्षांचे कागद उघडे झाले, तेव्हां या गर्दीचे आंतले थर दिसले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ३३ जणांस प्रवेश मिळाला होता, इतरांपैकीं सुमारें सहांस. खेळासाठीं खास निवडलेल्यांचें प्रमाण शेंकडा ८६ च्या घरांत होतें. यांपैकीं कोणत्याच थरांत नसलेल्या मुलाचा वांटा अर्थातच सरासरीहून कमी.

दुसरी चूक गुणाकाराची. दहा महाविद्यालयांत प्रत्येकीं दहांत एक असा संभव असेल, तर निदान एका ठिकाणीं प्रवेश मिळण्याचा संभव शेंकडा ६५ येतो. हें गणित बरोबर आहे, पण तें फांसे टाकण्याला लागू पडतें. दहाही समित्या तोच निबंध, तींच शिफारसपत्रें व तेच गुण पाहतात. पहिलीला जें उणें वाटलें तें दुसरीलाही वाटण्याचा संभव मोठा. मग दहा अर्ज हे दहा फांसे होत नाहींत.

त्याच खटल्यांत दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञ समोरासमोर उभे राहिले : एका बाजूस ड्यूक विद्यापीठाचे पीटर आर्सिडियाकोनो, हार्वर्डच्या बाजूस बर्कलेचे डेव्हिड कार्ड, ज्यांस पुढें २०२१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दोघांपुढें कागद तेच, प्रत्येक उमेदवाराची बारीकसारीक माहिती तीच. तरी आशियाई वंशाच्या मुलांचा संभव कमी केला जातो काय, या प्रश्नास त्यांनीं उलट उत्तरें दिलीं. वादाचें एक मोठें कारण 'व्यक्तिमत्त्वाचे गुण' हा रकाना होता. त्यांत आशियाई मुलांस सरासरीनें कमी गुण पडत. हा रकाना निष्पक्ष मानून हिशेबांत घ्यावा, कीं तोच पक्षपाताचें साधन असल्यानें वगळावा? कार्डनीं तो घेतला, आर्सिडियाकोनोंनीं वगळला. १९२६ सालचा 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द ब्याण्णव वर्षांनीं न्यायासनापुढें आला तो असा. खालच्या न्यायालयानें २०१९ सालीं हार्वर्डच्या बाजूनें निकाल दिला; २९ जून २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला व प्रवेशांत वंशाचा विचार करणें अवैध ठरविलें. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत त्या निकालानें गेली नाहीं.

सर्व कागद हातीं असलेल्या पंडितांचें जेथें एकमत होईना, तेथें पुण्यांतल्या बैठकींत बसून आम्ही शेंकडा अमुक असें सांगावें ही अपेक्षाच चमत्कारिक. तरी आमच्या मुलांपुरती एक गोष्ट निश्चितपणें सांगतां येते, व ती गुणांपेक्षां पैशाशीं संबद्ध आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट व अलीकडे डार्टमथ अशा मोजक्याच संस्था परदेशी उमेदवाराची फी देण्याची ऐपत न पाहतां निवड करतात. बाकीच्या बहुतेक ठिकाणीं आर्थिक साहाय्य मागणाऱ्या परदेशी मुलाचा अर्ज न मागणाऱ्याच्या अर्जाहून निराळ्या नजरेनें पाहिला जातो. गुण तेच, निबंध तोच, संभव मात्र वेगळा. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या पालकांस गुणपत्रकाआधीं आम्ही हें विचारतों कीं चार वर्षांच्या खर्चापैकीं घरांतून किती देतां येईल, आणि साहाय्याच्या रकान्यांत 'होय' लिहावयाचें कीं 'नाहीं'.