देवाने निवडलेला म्हणजे कोण?

नवापूरकडं बातमीला गेलं की ख्रिस्ती माणसाकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "आम्हाला देवाने निवडलंय." ऐकणारा लगेच चिडतो, म्हणजे आम्ही काय टाकाऊ?

मूळ विचार इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. जग घडण्याआधीच देवाने ख्रिस्तात निवडलं, आत्मिक आशीर्वाद दिले. यात माणसाची कमाई शून्य, सगळी कृपा. मग मिजास कशाची करणार?

रेव्हरंड ना. वा. टिळक बघा. कोकणस्थ ब्राह्मण, कवी. 1893 मध्ये रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने हातात नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा. घर मोडलं. लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त वाचाच. 1900 मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या विचाराने.

आता आपल्या खान्देशाचा धागा. धरणगावचे त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे बालकवी. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकले, पुढे नगरला टिळकांच्या घरात पोरासारखे राहिले. बाप्तिस्मा न घेता! देवाने आपल्याला बोलावलंय असं मानणाऱ्या टिळकांनी या पोराला वेगळं पान वाढलं नाही.

1917 मध्ये तर टिळकांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला, न झालेला, दोघांनाही आत जागा.

5 मे 1918 ला बालकवी आपल्या भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वर्षभराने, 9 मे 1919 ला, टिळकही वारले.