परतीचा शिक्का

भारतीय पासपोर्ट उघडला की आत एक छोटासा मजकूर असतो. राष्ट्रपतींच्या नावाने जगातल्या तमाम संबंधितांना विनंती केलेली असते, की या माणसाला अडथळा न आणता जाऊ द्या आणि लागेल ती मदत करा. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचलाय देव जाणे. आपण फोटो किती वाईट आलाय ते बघतो, मुदत कधी संपते ते बघतो आणि पासपोर्ट कपाटात ठेवून देतो.

पण पासपोर्टमधलं खरं वचन त्या मजकुरात नाहीच. ते गृहीत धरलेलं असतं. ते असं, की हा माणूस आमचा आहे. तुम्हाला नको झाला तर परत पाठवा, आम्ही घेऊ. व्हिसा देणारा अधिकारी बँकेची कागदपत्रं, नोकरीचं पत्र, सगळं चाळतो खरं, पण मनात त्याच्या एकच प्रश्न असतो: हा परत जाईल ना? आणि त्याच्याही मागचा प्रश्न: गेला नाही, तर याला पाठवायचं कुठे?

ज्यांच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसतं, त्यांच्या प्रवासाची ही गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आधी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरता येत असे. रशिया आणि तुर्कस्तान हे ठळक अपवाद. स्टेफान झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की १९१४ पूर्वी तो हिंदुस्थानात आणि अमेरिकेत जाऊन आला तेव्हा त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. युद्ध आलं, हेरांची भीती आली आणि सगळ्यांनी दारं लावून घेतली. आपल्याकडेही पासपोर्टची सक्ती १९१७ च्या युद्धकाळातल्या नियमांनी आली. युद्ध संपल्यावर हे सगळं जाईल असं लोकांना वाटत होतं. झालं उलटंच. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसमध्ये परिषद भरवली आणि पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरवून टाकला.

नेमक्या याच सुमारास रशियातून क्रांती आणि यादवीमुळे दहा लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली होती. बर्लिन, पॅरिस, कॉन्स्टँटिनोपल, पार चीनमधल्या हार्बिनपर्यंत ती पसरली. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने फर्मान काढून त्यांच्यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व काढून घेतलं. म्हणजे हातात जुन्या झारच्या राज्याचे कागद, आणि ते राज्यच नाही!

राष्ट्रसंघाने या निर्वासितांचं काम फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेजियन माणसाकडे सोपवलं होतं. हा मूळचा शास्त्रज्ञ आणि ध्रुवप्रदेशातला संशोधक. १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंडचं हिमक्षेत्र ओलांडणारा. बर्फातून वाट काढण्याची सवय त्याला पुढे सरकारी कचेऱ्यांत उपयोगी पडली असावी. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात त्याने सरकारांकडून एक तोडगा मान्य करून घेतला. ज्या देशात निर्वासित राहतोय त्या देशाने त्याला एक ओळखपत्र द्यायचं आणि बाकीच्यांनी ते मानायचं. यालाच पुढे नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. १९२४ साली तो आर्मेनियन निर्वासितांनाही लागू झाला. पन्नासहून जास्त सरकारांनी तो मानला आणि सुमारे साडेचार लाख माणसांना तो मिळाला असं सांगतात. संगीतकार स्त्राविन्स्की, चित्रकार शगाल, लेखक नाबोकोव हे त्यातलेच.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपवता येईल. नान्सेनला १९२२ चं शांततेचं नोबेलही मिळालं. पण त्या कागदावर एक अट होती, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. हे ओळखपत्र आहे म्हणून ते देणाऱ्या देशात परत येण्याचा हक्क मिळतो असं समजू नये, असं त्यात स्पष्ट होतं. परत यायचं तर वेगळी परवानगी.

आता तुम्ही पॅरिसमधल्या वकिलातीतले अधिकारी आहात असं समजा. समोर बर्लिनहून आलेला माणूस हा कागद धरून उभा आहे. जर्मनी म्हणतंय की हा इथे राहतो, पण गेला तर परत घेऊच असं नाही. तुम्ही द्याल व्हिसा? द्याल कशाला! एकदा आत घेतला की तो तुमच्याच गळ्यात. नाबोकोवने आत्मचरित्रात या फिकट हिरव्या, आजारी दिसणाऱ्या कागदाबद्दल फार कडवट लिहिलंय. एका देशातून दुसऱ्या देशात जायचं म्हटलं की गुन्हेगारासारखी वागणूक मिळायची, हा त्याचा अनुभव.

मे १९२६ मध्ये सरकारं पुन्हा बसली आणि बाहेर जाणाऱ्या निर्वासिताच्या कागदावर परतीचा व्हिसा मारून द्यावा हे तत्त्व मान्य झालं. तेही 'खास प्रकरणांत अपवाद करायला सरकारं मोकळी' या शेपटासह. त्याच वेळी पाच सुवर्ण फ्रँकचं नान्सेन तिकीट निघालं. ऐपत असलेल्यांनी ते कागदावर लावायचं आणि त्या पैशांतून गरजूंना मदत करायची. परतीचा हक्क स्पष्टपणे लिहिलेला आहे तो १९५१ च्या निर्वासितविषयक करारात. प्रवासाचा कागद देणाऱ्या देशाने त्याची मुदत असेपर्यंत त्या माणसाला परत घेतलंच पाहिजे, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. म्हणजे १९२२ मध्ये राहिलेलं वाक्य इथे ठळकपणे लिहिलेलं आहे.

भारताने मात्र या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. आणि मार्च १९५९ मध्ये दलाई लामा सीमा ओलांडून इकडे आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले.

त्यातले काही महाराष्ट्रातही आहेत, हे आपल्याला बऱ्याचदा माहीत नसतं. आपल्याला माहीत असतात ते थंडीत शहरातल्या एखाद्या मैदानावर स्वेटर विकणारे. पण गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ ची, म्हणजे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातली. पन्नास वर्षं उलटून गेली. तिथे जन्मलेल्यांना आता नातवंडं असतील.

अशा वसाहतीतल्या माणसाकडे असते आरसी, म्हणजे परदेशी म्हणून झालेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र. ते वेळोवेळी नव्याने करून घ्यायचं. परदेशी जायचं असेल तर दुसरा कागद, आयसी, म्हणजे ओळखीचा दाखला. १९६७ च्या आपल्या पासपोर्ट कायद्यातच त्याची सोय आहे. पिवळ्या रंगाची ही पुस्तिका, म्हणून तिबेटी लोक तिला 'यलो बुक'च म्हणतात. दलाई लामांच्या दिल्लीतल्या कार्यालयाची शिफारस, पोलिसांची चौकशी, मग दाखला. आणि त्यावर लागायचा एक शिक्का, ज्याचं नाव 'नोरी'. याला भारतात परत येऊ द्यायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बघा, पुन्हा तेच! १९२२ मध्ये राहिलेलं वाक्य इथे शिक्का होऊन आलं. परदेशी वकिलातीला व्हिसा देताना हाच शिक्का हवा असतो. आणि तो असूनही अडचणी संपत नाहीत. विमानतळावरच्या काउंटरवरच्या माणसाने अशी पुस्तिका कधी पाहिलेली नसते. त्याच्या यादीत ती सापडत नाही, तो वरिष्ठांना बोलावतो, मागची रांग चुळबुळत राहते. खिशात तिकीट आहे, व्हिसा आहे, पण पुस्तिकेचा रंग चुकला.

मग कायद्याची एक वेगळी वाट सापडली. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय. आईवडील कोण, हा प्रश्न सहसा येत नाही. एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला, ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये जिंकली. तरी बाकीच्यांना पासपोर्ट सहज मिळेनात. २०१६ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं आणि २०१७ मध्ये परराष्ट्र खात्याने पासपोर्ट देण्याच्या सूचना काढल्या. त्याच वर्षी अटीही आल्या. आरसी आणि आयसी परत करा. निर्वासित तिबेटी प्रशासनाचे लाभ घेणार नाही असं लिहून द्या. आणि तिबेटी वसाहतीत राहू नका.

यातली शेवटची अट वाचून मी थांबलो. सरकारी तर्काने बघितलं तर ती चूक आहे असं म्हणता येत नाही. वसाहत निर्वासितांसाठी, तुम्ही नागरिक झालात, मग जागा सोडा. हिशेब बरोबर. पण पासपोर्ट माणसाला हवा कशासाठी असतो? जाऊन परत येण्यासाठी. परत कुठे? तर जिथे आई आहे, शेत आहे, शेजारी आहेत तिथे. इथे परतीची हमी हवी तर परतायचं घर सोडायचं होतं. अनेकांनी पिवळी पुस्तिकाच बरी म्हटलं असेल, तर त्यांना देशाबद्दल प्रेम नाही असं कोण म्हणेल? काहींच्या मनात आणखीही एक गोष्ट असते. निर्वासित म्हणून राहणं म्हणजे तिबेट अजून आपला आहे असं सांगत राहणं. तो कागद टाकून देणं त्यांना जड जातं.

असो. नान्सेनचा कागद तात्पुरता म्हणून निघाला होता. तिबेटींची आरसीही तात्पुरतीच होती, लवकर परत जायचं आहे अशा समजुतीवर दिलेली. तात्पुरत्या कागदावर माणसं जन्मतात, शिकतात, लग्नं करतात, म्हातारी होतात. गोठणगावच्या एखाद्या आजीला व्हिसाच्या अर्जावर 'तुमचा देश कोणता' या रकान्यात काय लिहायचं, हे आजही नातवाला दोनदा विचार करूनच सांगावं लागत असेल.