नागझरीचे पाणी

जर्मनीत गावाच्या नावाआधी ‘बाड’ लागले, की समजावे, इथल्या पाण्यात औषध आहे. बाड पिरमोंटचे लोहयुक्त पाणी प्यायला शतकानुशतके राजेरजवाडे गेले; रशियाचा झार पहिला पीटरही १७१६ साली तिथे राहून आला. गाव त्या पाण्यावरच वाढले.

लोहयुक्त पाणी आमच्या पन्हाळ्यावरही आहे. नागझरीचे दगडी कुंड बारमाही भरलेले असते. आम्ही कोल्हापूरकर गडावर हवा खायला जातो आणि पाणी बाटलीतले पितो!

पन्हाळ्याने पाणी जपले ते औषधासाठी नव्हे, वेढ्यासाठी. आदिलशाही धाटणीची तीन मजली अंधार बाव पाहा. शत्रूने विष कालवू नये म्हणून विहिरीवर इमारतच चढवली. आत पहारेकऱ्यांना जागा, तटाबाहेर पडायला चोरवाट. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला, बाव मात्र राहिली. शेजारच्या तीन दरवाजावरचा फारसी शिलालेखही राहिला.

गडावर १६६० च्या वेढ्याची गोष्ट निघाली आणि सिद्दी जौहरचे नाव आले, की काही नजरा आमच्याकडे वळतात. तो आदिलशहाचा सरदार होता, हे खरेच. पण तोच वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर शिवाजी महाराजांचा सरदार सिद्दी हिलाल चालून आला होता. त्या लढाईत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन जौहरच्या हाती सापडला. हे नाव गडावर कुणी सांगताना आम्ही अजून ऐकलेले नाही.