पन्नी, पिशवी आणि राम घाट

उज्जयिनीचा राम घाट मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी या नगरीत राजधानी केली, आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. पुढे 1810 च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला गेली, पण मराठी घरे मागे राहिली. आपल्यासारखीच ही दुभाषी घरे. बाजारात ‘पन्नी’ म्हणायचे, घरी ‘पिशवी’. या दोन शब्दांतच आपल्या विषयाचा इतिहास आहे: पिशवी गिऱ्हाईक घरून नेई, पन्नी दुकानदार देतो.

पन्नीचे वय फार नाही. स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीतील स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या पिशवीला अमेरिकेत 1965 मध्ये पेटंट मिळाले. पुढच्या काही दशकांत ती आपल्या भाजीबाजारापर्यंत पोचली आणि खुंटीवरची कापडी पिशवी खुंटीवरच राहू लागली.

मग सरकार जागे झाले, पण त्याने मोजली ती जाडी. 1999 च्या केंद्रीय नियमांत पिशवी किमान 20 मायक्रॉनची हवी होती; 2011 मध्ये 40, 2016 मध्ये 50, सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 2022 च्या अखेरीपासून 120. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो हातगाडीवर कोण मोजणार? मध्य प्रदेशाने मे 2017 मध्ये, तर महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये पिशव्यांवर सरळ बंदी घातली. महाराष्ट्राला 26 जुलै 2005 चा मुंबईतील प्रलय आठवत होता. पाणी तुंबण्याच्या कारणांत या पिशव्याही होत्या.

तरीही बाजार आणि घाट यांत एक भेद आहे. बाजारात जाणारी गृहिणी घरून पिशवी नेऊ शकते. तेथे सवय पुरेशी आहे. घाटावरचा यात्रेकरू मात्र दुरून, ओल्या वस्त्रांनिशी, रिकाम्या हाताने फुले-प्रसाद घेतो. त्याला उपदेश करून काय होणार? तेथे पर्याय विक्रेत्याच्याच हाती हवा. तो नवा शोधायला नको. पानांचा द्रोण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. दिवा त्यातूनच पाण्यावर सोडतात, आणि तो कुजून मातीत मिळतो. मात्र तो पन्नीइतक्याच सहज आणि स्वस्त मिळाला, तरच विक्रेता पन्नी सोडील. दंडाची पावती फाडण्याइतकेच द्रोण पुरवणे हेही नगरपालिकेचे काम मानायला हवे.

क्षिप्रेला आज स्वतःचे पाणी पुरत नाही. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी तिच्यात आणावे लागले. अशा संथ नदीत पडलेली पन्नी वाहून जात नाही, पायऱ्यांशीच राहते. पुढचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी घरे तेथे जातील. पूर्वजांनी तेथे मंदिर उभारले. आपण निदान घरची पिशवी बरोबर न्यावी, आणि फुले मागताना द्रोणच मागावा.