लुगडं, कुंकू आणि फिलाडेल्फियाची थंडी

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब बाजूला राहिला आणि वेगळाच विषय निघाला. आमच्या गटातल्या एक ताई लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्यात. त्यांचे प्रश्न साधेच होते. नऊवारी नेसून चालेल का? कुंकू लावलं तर लोक बघत राहतील का? कुणाच्या घरी जेवायला बोलावलं आणि ताटात नको ते आलं तर काय करायचं? कुणी म्हणालं, जावं तिथलं होऊन राहावं. कुणी म्हणालं, आपण का बदलायचं? वाद चांगलाच रंगला. तेव्हा आम्हांला आनंदीबाई जोशींची आठवण झाली, कारण हेच सगळे प्रश्न त्यांच्यापुढे १८८३ साली होते. तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या.

डॉक्टर झालेल्या आनंदीबाई आपल्याला ठाऊक असतात. परक्या घरी पाहुणी म्हणून राहिलेल्या आनंदीबाईंबद्दल मात्र कमी बोललं जातं. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना वाचलं. त्यांनी स्वतः होऊन पत्र लिहिलं, आणि न पाहिलेल्या या बाई पुढे आनंदीबाईंची मावशीच झाल्या.

त्या काळी समुद्र ओलांडला की जात बाटते असं मानत. त्यात बाई, आणि तीही नवऱ्याला मागे ठेवून निघालेली. निघण्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर इथे आनंदीबाईंनी भर सभेत लोकांच्या शंकांना उत्तरं दिली. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी तिथे सांगून टाकलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या.

बोलणं सोपं असतं, तिथली थंडी वेगळी. नऊवारीचा कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडे त्यात कुणाला काही वाटत नाही. पण त्या काळच्या अमेरिकेत बायकांचे झगे घोट्यापर्यंत असत आणि पाय दिसणं असभ्य समजलं जाई. शिवाय हाडं गोठवणारी हवा. आनंदीबाईंनी वाट काढली. मेमसाहेबांचा झगा घातला नाही, पण साडी गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या. पाय झाकले गेले आणि साडीही राहिली. इकडे गोपाळरावांना हे रुचलं नाही. आम्हांला इथे गोपाळरावांचा जरा रागच येतो. बायकोला सातासमुद्रापार पाठवायची हिंमत असलेला माणूस, आणि निऱ्या कशा घ्यायच्या यावर रुसतो!

जेवणाबाबत मात्र त्या हटल्या नाहीत. शाकाहारच ठेवला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात अभ्यासाचा डोंगर, कडक हिवाळा आणि अंगाला न मानवणारं खाणं. तब्येत ढासळत गेली. हा हट्ट बरोबर होता का, यावर आमच्या गटात एकमत झालं नाही. एक आजी म्हणाल्या, जीव महत्त्वाचा, थोडं वागणं बदललं असतं तर काय झालं असतं? दुसरी म्हणाली, परदेशात एकटीला आपलं म्हणून काहीतरी धरून ठेवावं लागतं.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. तिथे त्यांनी धर्मसुद्धा बदलला, पण मांस-अंडं खाल्लं नाही. यजमान भगिनींना हा जातीचा अभिमान वाटे. रमाबाईंचं म्हणणं, धर्म बदलला म्हणून ताटातलंही बदललं पाहिजे असं कुठे आहे? म्हणजे काय सोडायचं आणि काय राखायचं, याची रेघ दोघींनी वेगवेगळ्या जागी ओढली. पण ती ओढली आपापल्या हातांनी.

कॉलेजातला १८८५ सालचा एक फोटो आहे. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पोशाखात. तिघी एकाच वर्गात शिकत नव्हत्या, पण तिघी परक्या मुलखातल्या, आणि कॉलेजनेही त्यांना पोशाख बदला म्हटलं नाही. पाहुणीने जसं शिकायचं, तसं यजमानानेही थोडं शिकायचं असतं, हे आम्हांला त्या फोटोत दिसतं.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. वर दगड आहे, त्यावर आनंदीबाईंचं नाव.

आमच्या ताईंनी परवा दोन सहावारी साड्या आणि लोकरीचे मोजे घेतले. कुंकवाची डबी पिशवीत सगळ्यांत वर ठेवलीय. जेवणाचं मात्र लेकीच्या शेजारणींना आधीच कळवून ठेव, असं त्यांनी फोनवर लेकीला सांगितलं.