काष्ठमूर्तींचे जतन



मंदिराच्या जीर्णोद्धारात दगडाची काळजी सारेच घेतात. लाकडाकडे मात्र दुर्लक्ष होते. वाळवी, ओल व आग हे लाकडाचे जुने वैरी. चौथा वैरी चोर. या चौथ्याशी जपानमधील वाकायामा प्रांताने कसा सामना केला, ती हकीकत आपणां सर्वांस उद्बोधक वाटेल.

याच प्रांतात कोयासान हे थोर क्षेत्र आहे. इ. स. 816 मध्ये कूकाई या आचार्यांना तेथे मठ उभारण्यास सम्राटाची अनुज्ञा मिळाली. प्रांतातील डोंगरखेड्यांच्या लहान देवळांतूनही शतकानुशतके पूजलेल्या काष्ठमूर्ती आहेत. पण तरुण मंडळी शहरांत गेली. मागे राहिलेल्या वृद्धांनी रात्रंदिवस पहारा तरी कसा करावा? 2010 व 2011 या काळात तेथील देवळांतून शंभराहून अधिक मूर्ती चोरीस गेल्या.

तेव्हा प्रांतीय वस्तुसंग्रहालयाने 2012 पासून एक उपक्रम हाती घेतला. तंत्रविद्यालयातील विद्यार्थी मूर्तीस धक्का न लावता स्कॅनरच्या प्रकाशझोताने तिची मापे घेतात. त्या मापांवरून संगणकात हुबेहूब आकृती तयार होते आणि त्रिमितीय छपाईचे यंत्र प्लॅस्टिकचे पातळ थर एकावर एक चढवून तशीच प्रतिमा घडविते. विद्यापीठातील विद्यार्थी तिला मूळ मूर्तीसारखा जुनाट रंग देतात. मूळ मूर्ती संग्रहालयात सुरक्षित राहते, आणि नवी प्रतिमा विद्यार्थी स्वतः गावात नेऊन अर्पण करतात.

या प्रतिमांना तेथे ‘ओमिगावारी’, म्हणजे देवाच्या जागी उभी राहणारी मूर्ती, असे म्हणतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. पालखीत उत्सवमूर्ती बसते व मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते. तिकडे मूळ मूर्ती बाहेर गेली व प्रतिनिधी गाभाऱ्यात बसला, इतकेच. देव गेला म्हणून गाव पोरके झाले नाही.

यंत्राने घेतलेली मापे लाकडाला आयुष्य देत नाहीत, हेही खरे. वाळवीवर उपाय व छपराची डागडुजी माणसांनीच करावयाची. पण एकदा नष्ट झालेले कोरीवकाम मापांवाचून पुन्हा उभे राहत नाही. म्हणून ग्रामस्थांना व दात्यांना नम्र विनंती की, जुना कोरीव खांब किंवा तुळई उतरविण्यापूर्वी तिची छायाचित्रे व मापे घ्यावीत, आणि उतरविलेले लाकूड जळणात न टाकता देवळातच कोरड्या जागी ठेवावे. आपल्या पूर्वजांनी तेही देवालाच वाहिलेले आहे.