दंतपुनर्वसन, बालकर्करोगोत्तर

लहानपणी कर्करोगाचे उपचार घेऊन बऱ्या झालेल्यांच्या दात, जबडा व लाळग्रंथींत मागे राहिलेल्या दोषांची दुरुस्ती आणि देखभाल. केवळ कवळी बसवणे असा याचा अर्थ नव्हे.

कारणे : कायमच्या दातांची घडण जन्माच्या आसपास सुरू होऊन पौगंडावस्थेपर्यंत चालते, म्हणून पाच वर्षांआतील मुलांना धोका अधिक. सायक्लोफॉस्फमाइड, व्हिन्क्रिस्टीन यांसारख्या औषधांमुळे एखादा दात उगवतच नाही, बारीक राहतो किंवा त्याचे एनॅमल खडबडीत होते. मुळांचा दोष मात्र वरून कळत नाही. ओपीजीच्या (दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे) फिल्मवर उपदाढेचा माथा ठाकठीक दिसतो. खाली मूळ आखूड, शार्पनरमधून काढल्यासारखे निमुळते. आरशात हा दात निरोगीच दिसतो. दात सरळ करण्याच्या तारेचा ओढा बसला की हलू लागतो. डोके-मानेवर किरणोपचार झाले असतील तर लाळ आटते, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही आणि हिरडीलगत कीड धरते. जबड्याची वाढही खुंटू शकते.

उपचार : फ्लोराइड वार्निश, कंपोझिट, स्टीलच्या कॅप. रिकाम्या जागी काढता-घालता येणारी अर्धी कवळी. मूल वाढेल तशी ती बदलावी लागते. इम्प्लांट वाढ पूर्ण झाल्यावरच : ते जागचे हलत नाही, शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात आणि ते बुडाल्यासारखे दिसते. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात काढणे जोखमीचे. हाड मृत होण्याचे भय असते. तारा लावण्यापूर्वी उपचार संपून दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे बरेच तज्ज्ञ मानतात.

खर्च : इम्प्लांट सर्वांत महाग.

महाराष्ट्र : मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) बऱ्या झालेल्या मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी १९९१ मध्ये 'एसीटी क्लिनिक' सुरू झाले, डॉ. पूर्णा कुरकुरे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. 'उगम' हा अशा मुलामुलींचा गट इंडियन कॅन्सर सोसायटीशी संलग्न. नाशिकमध्ये महात्मा गांधी विद्यामंदिराचे दंतमहाविद्यालय पंचवटीत आहे.

पाठपुरावा : दर सहा महिन्यांनी तपासणी. दंतवैद्याकडे जाताना कोणती औषधे, किती किरणोपचार व कोणत्या वयात, याची नोंद असलेली जुनी फाइल न्यावी. ती नसेल तर कोणताही दात हलवण्यापूर्वी ओपीजी काढून घ्यावा.